चौकाला वळसा

आमच्या नव्या वस्तीच्या मधोमध एक चौक आहे. तो मी काढला. म्हणजे कागदावर काढला. मुरूम टाकणारे वेगळे होते, निधी मंजूर करणारे वेगळे. पण महाडच्या ऑफिसात टेबलावर वाकून त्याच्या चार रेघा पट्टीने ओढल्या त्या मी, आणि त्या दिवशी खानावळीत मला दोन घास जास्तच गेले होते.

त्या चौकात कोणी पाऊल का टाकत नाही, हा प्रश्न मला पुढे बरेच महिने पुरला.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उमरठच्या वाटेवरून फुटून डोंगरात शिरलं की आमची वाडी लागायची. चार गुरं, उतारावर नाचणी, पायथ्याशी भाताचं एखादं खाचर, असा सगळ्यांचा संसार. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेला पहिला मीच. पावसाळ्यात रोज डोंगर उतरणं जिवावरचं, म्हणून हायस्कूलमधल्या एका मास्तरांनी मला चार-चार महिने आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांच्या पत्नीने मला कधी वेगळ्या पंगतीला बसवलं नाही. त्या दोघांमुळे मी पुढे इंजिनिअर झालो आणि महाडला एका अनुभवी इंजिनिअरांच्या हाताखाली लागलो. त्यांना सगळे सर म्हणत, मीही सरच म्हणायचो. वडील मी शिकत असतानाच गेले. आई वाडीत एकटी.

एका पावसाळ्यात वाडीच्या वर डोंगराला भेग पडली. घरं पडली नाहीत, पण पाहणीला आलेल्या साहेबांनी भेगेत काठी घातली तर ती हातभर आत गेली. सरकारने खाली रस्त्याजवळ जागा दिली. नदीकाठची बौद्धवाडीही तिथेच हलवायची ठरली, कारण दर दोन-चार वर्षांनी तिथल्या घरांत कमरेएवढं पाणी शिरायचं. उरलेले काही प्लॉट शिक्षक आणि कारकून मंडळींना मिळाले. वस्तीच्या आखणीचं काम सरांकडे आलं.

"ही तीन प्रकारची माणसं," सर म्हणाले, "एकमेकांना तोंडओळखीने ओळखतात. पण एकमेकांच्या पायरीवर कधी बसलेली नाहीत. आता भिंतीला भिंत लावून राहणार. काय करशील?"

इतका चांगला प्रश्न मला कॉलेजात कोणी विचारला नव्हता. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली. त्यांत दूरदेशीच्या गावांची चित्रं होती: मध्ये चौक, भोवती घरं, घरांची तोंडं चौकाकडे, बाकांवर म्हातारी माणसं गप्पा मारत बसलेली. मी तसंच काढलं. घरांचे ओटे चौकाकडे, चौकातून चारी बाजूंना जाणाऱ्या सरळ वाटा, कडेला बसायला कट्टे. दुकानांचे गाळे मात्र रस्त्याच्या बाजूला, एका ओळीत, कारण राहण्याच्या जागी धंदा नको असा नियम होता. घरं चिठ्ठ्या टाकून वाटायची हे सरांनी सुचवलं, म्हणजे वाडी एका बाजूला आणि बौद्धवाडी एका बाजूला असं होणार नाही.

आमच्या आईला मिळालेल्या घराच्या एका बाजूला प्राथमिक शाळेतले एक गुरुजी आले. दुसऱ्या बाजूला बौद्धवाडीतलं एक कुटुंब. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात, मुलगी बारावीला, आणि घरातली बाई आईच्याच वयाची, उंच, खणखणीत आवाजाची. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. पहिल्या दिवशी मावशी आईला "जय भीम" म्हणाल्या, आई "राम राम" म्हणाली, आणि दोघी आपापल्या दाराला कुलूप बसतंय का ते बघू लागल्या.

मी दर शनिवारी महाडहून एसटीने यायचो. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मला ती पायवाट दिसली. चौकातून सरळ जायच्या माझ्या वाटेवर एका पावलाचीही खूण नव्हती, आणि चौकाच्या कडेकडेने, कट्ट्यांच्या मागून, नवी पायवाट पडली होती. नळावर जाणारी माणसं, शाळेत जाणारी मुलं, सायकलवाला, सगळे वळसा घालून जात होते. मी कट्ट्यावर बसून बघत राहिलो. एक म्हातारा तर डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन, धापा टाकत, वळशाने गेला.

आईला विचारलं.

"जातील कसे?" आई म्हणाली. "सारवलंय ना आम्ही."

वाडीतल्या बायकांनी मोकळी जमीन पाहिली आणि त्यांना राहवलं नव्हतं. त्यांच्या लेखी घरापुढच्या मोकळ्या जागेला एकच नाव, खळं. खळं उघडं ठेवणं म्हणजे घरात न झाडता बसणं. त्यांनी शेणाच्या पाट्या आणल्या आणि माझा चौक एका सकाळीत गुळगुळीत सारवून टाकला.

"कुणासाठी सारवलं?"

"कुणासाठी म्हंजे? सगळ्यांसाठी. मुरूम काय तसाच ठेवायचा? पण ही खालची माणसं बघ, एक पाय ठेवत नाय. आमचं सारवलेलं त्यांना चालत नाय वाटतं."

मग मी मावशींकडे गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"अरे, सारवलेल्यात चपला घालून कोण जाईल?" त्या म्हणाल्या. "आणि चपला काढून गेले, तर तुझी आई म्हणेल, हिचं काय काम होतं हितं. त्यांनी सारवलं म्हंजे खळं त्यांचं. माझ्या आजीला वरच्या लोकांच्या खळ्यात पाय ठेवायची सोय नव्हती, बाहेरून हाक मारून उभं राहायचं. मी कशाला वाकडं तोंड बघायला जाऊ? आम्ही आपले कडेनं बरे."

मी दोन्ही ओट्यांच्या मध्ये उभा राहून विचार करत राहिलो. एकीने सगळ्यांसाठी सारवलं होतं, दुसरी मान राखून कडेने जात होती, आणि दोघींनाही वाटत होतं की समोरचीला आपण नकोत. सोमवारी सरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "फरशी बसवली असती तर हे झालं नसतं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "की दुसरंच काही झालं असतं?"

त्या उन्हाळ्यात वाडीतली अर्धी घरं रिकामी झाली. डोंगर सुटला तसा बऱ्याच जणांचा इथला पायच सुटला. ते मुलांकडे मुंबईला गेले. त्यांच्याबरोबर आईची सावडही गेली. आमच्याकडे लावणी सावडीने व्हायची. आज चार घरं माझ्या खाचरात, उद्या ती चार आणि मी तुझ्या खाचरात. मजुरी नाही, उपकार नाहीत, दिवसाला दिवस. आईच्या सावडीतली दोनच घरं उरली होती, आणि ती उन्हाळ्यातच परत डोंगरावर जाऊन राहिली होती, भेगेखालीच, आपल्या नाचणीसाठी.

"मी पण वरच जाते," आई एका शनिवारी म्हणाली. "त्यांच्या नाचणीला मी, माझ्या भाताला ती. हितं माझी लावणी कोण करंल?"

"आये, भेग रुंदावली आहे. पावसात तिथं झोपायचं?"

"मग खाचर पडीक टाकू?"

"मजूर लावू. मी देतो ना पैसे."

"पैसं देऊन लावणी करायची तर तांदूळच आण की दुकानातून. तेवढी नोकरी हाय तुला."

मी तिला महाडला माझ्या खोलीवर चल म्हणालो. तिने खोलीत खाचर आहे का विचारलं. पाऊस महिन्यावर आला होता, आणि आईने वरच्या घराची किल्ली कमरेला खोचून ठेवायला सुरुवात केली होती.

त्याच सुमारास मावशींच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरण आली. नवऱ्याने जुनी गिरण कुठूनशी आणून बसवली होती, आणि चालवायच्या त्या मावशी. मग दिवसभर पट्ट्याची फटफट आणि भिंतींना कंप. गुरुजींनी सरळ ऑफिसात तक्रार केली. राहत्या घरात धंदा, शिवाय संध्याकाळच्या बातम्या ऐकू येत नाहीत. सर म्हणाले, "तक्रार बरोबर आहे. नियमही आपलाच आहे. त्यांना सांग, रस्त्याकडचा गाळा घ्या."

मी सांगायला गेलो, पण मला बोलायला जागाच मिळाली नाही. पायरीवर, ओट्यावर, दाराच्या आत पिठाचे डबे ओळीने मांडलेले आणि डब्यांमागे बायका. वाडीतल्या, बौद्धवाडीतल्या, कारकुनाची बायको, खुद्द गुरुजींच्या घरातली बाईसुद्धा. तेवढ्यात लाइट गेली. पट्टा सुस्कारा टाकून थांबला.

"गेली गो बाय!" मावशी आतून ओरडल्या. "आता दोन तास नाय यायची."

मला वाटलं आता पांगतील. कोणी हललं नाही. कोणाचं अर्धं दळण गिरणीत अडकलेलं, कोणी नंबर सोडायला तयार नाही. बसलेल्या तशाच बसल्या.

"गुरुजींना बरं वाटलं असंल आता," कोणीतरी म्हणालं.

"त्यांना कसलं बरं?" गुरुजींची बायको म्हणाली. "लाइट गेली म्हंजे रेडिओ पण गेला. आता बातम्या हुकल्या म्हणून माझ्या डोक्याशी कटकट."

सगळ्या हसल्या. माझी आईही हसली. मावशींच्या पायरीवर, पायाशी डबा धरून ती बसली होती आणि शेजारच्या बौद्धवाडीतल्या म्हातारीला गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधायला सांगत होती. चपला खाली काढलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या. माझ्या चौकात जे व्हायचं होतं ते माझ्याच नियमाविरुद्ध, चार फुटांच्या पायरीवर चाललं होतं. इथे येण्याचं कारण कोणाला सांगावं लागत नव्हतं. हातातला डबा हेच कारण. मी गाळ्याचा विषय न काढता परतलो.

आईने मात्र घोळ केला. लावणी आठ-दहा दिवसांवर आली तशी, माझ्याच भुणभुणीला कंटाळून, तिने मावशींना विचारलं. मी त्या वेळी ओट्यावरच होतो.

"लावणीला येशील काय गो? रोज काय घेशील ते सांग."

मावशींनी गिरणीचं बटण बंद केलं. सगळं एकदम शांत झालं.

"मजुरीला बोलवतेस?"

"म्हंजे... फुकट कशी बोलवू?"

"माझी सासू जन्मभर वरच्या लोकांच्या खाचरात रोजानं वाकली. तिचं कंबरडं मी शेकलंय. मी गिरण घातली ती काय परत रोजानं वाकायला?" एवढं बोलून त्यांनी बटण दाबलं आणि पाठ फिरवली.

पुढचे काही दिवस आमच्याकडे भाकरी नव्हती. पीठ संपलं होतं आणि आई गिरणीवर जाईना. मी शनिवारी आलो तर भातावर भात. आईने वर न्यायची भांडी एका पोत्यात भरून दाराशी ठेवली होती.

"तुला त्या नकोत का सावडीत?" मी विचारलं.

"नकोत असं कोण म्हणालं? सावडीलाच बोलवायची होती मला. पण तिला शेत नाय. ती माझ्यात एक दिवस वाकली, तर तिचा दिवस मी फेडू कुठं? फेडता येत नाय तिला सावड कशी म्हणू? म्हणून पैशाचं बोलले."

"हे त्यांना सांगितलंस?"

"हे काय सांगायचं असतं?"

पण मी जेवून उठेपर्यंत ती उठली होती. डबा घेतला, पदर खोचला आणि शेजारी गेली. मीही मागोमाग गेलो. मावशी गिरण पुसत होत्या. आई उंबऱ्याबाहेर उभी राहून घडाघडा बोलली, जसं मला सांगितलं तसंच, फेडण्याच्या अडचणीसकट.

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं.

"शेत नाय म्हणून मला काय काम नाय?" त्या म्हणाल्या. "पोरीला कॉलेजात घालायची हाय महाडला. दिवस जाईल. गिरण कोण बघंल त्या दिवशी? तू बसशील?"

"मी? त्या पट्ट्यापाशी?"

"मग मी काय जन्मात लावणी केलीय? आईच्या घरी पोरपणी केली असंल ती. मी चिखलात पडेन, तू पिठात पड."

"हसतील गो माणसं."

"हसू देत. आधी तुझा डबा इकडं दे, पोरगं भातावर भात खाऊन वाळलं."

लावणीच्या दिवशी मी रजा काढली. पाऊस धरून होता. मावशी दोघींना घेऊन आल्या, बौद्धवाडीतली एक तरणी सून आणि कारकुनाची बायको. तिला फक्त बघायचं होतं, पण बांधावर उभं राहून थंडी वाजायला लागली तशी तीही उतरली. डोंगरावरून ती दोन घरंही आली. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेऊन सगळ्या एका ओळीत वाकल्या. मी रोपांच्या मुठी टाकत होतो. मावशींची ओळ वाकडी जात होती.

"काय गो, गिरणीचा पट्टा लावतेस काय?" आई ओरडली.

"तुझा लेक इंजिनेर ना? घे म्हणावं पट्टी, सरळ करून दे!"

दुपारी बांधावर सगळ्यांनी एकाच टोपल्यातल्या भाकऱ्या खाल्ल्या. त्याच गिरणीतल्या पिठाच्या. ही गोष्ट तिथे कोणी बोललं नाही, पण डोंगरावरून आलेल्या दोन म्हाताऱ्या भाकरी हातात घेऊन क्षणभर थांबल्या होत्या, हे मी पाहिलं. मग आईने त्यांच्या भाकरीवर चटणी वाढली आणि त्या खाऊ लागल्या.

पुढच्या आठवड्यात मावशी आणि त्यांची मुलगी महाडला आल्या. कॉलेज मला माहीत होतं, म्हणून मीही बरोबर फिरलो. मुलगी सगळं नीट विचारून घेत होती, ही खिडकी कशाची, ग्रंथालय किती वाजेपर्यंत, मुलींना बसायला खोली आहे का. मला माझे मास्तर आठवत होते. अशा एखाद्या मुलीला चार महिने ठेवून घेईल असं घर आज महाडात कोणतं, याचा मी विचार करत होतो. मावशी मात्र दर थोड्या वेळाने म्हणत, "गिरण बंद पाडली नसंल ना तुझ्या आईनं?"

संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत आलो. वस्तीच्या तोंडाशीच फटफट ऐकू आली. ओट्यावर पाच-सहा बायका आणि मध्ये माझी आई, भुवयांपर्यंत पांढरी, पट्ट्यापासून जेवढं लांब उभं राहता येईल तेवढी लांब. लांब झाडूच्या दांड्याने ती बटण बंद-चालू करत होती. गुरुजी दारात उभे होते.

"सात वाजता बंद करा म्हणजे झालं," ते म्हणत होते. "बातम्या तेवढ्या ऐकू द्या."

"सातला बंद," आईने त्यांना सांगितलं, जशी काही गिरण तिचीच. मग तिला मावशी दिसल्या. "ये गो! एकीची नाचणी तांदळात मिसळली हाय. तिला सांगितलं, चांगलं लागतं."

"झाला तुझा दिवस," मावशी म्हणाल्या. "फिटलं."

"कुठं फिटलं? लाइट दोन तास नव्हती. अर्धाच दिवस झाला. अर्धा राहिला."

सर पुढे एकदा स्वतः येऊन पाहून गेले. लाइट नव्हती, म्हणून त्यांना पायरीवर बसायला जागा करून दिली आणि कोणीतरी चहा आणला. परतताना गाडीत त्यांनी वस्तीचा नकाशा मांडीवर उघडला. मग म्हणाले, "त्या एका घरापुरती नकाशात दुरुस्ती टाक. आणि पुढच्या वस्तीत गाळे एका ओळीत नकोत. विखरून टाकून बघू." पुढच्या वस्त्यांत मी तसं करून पाहिलं. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी का जमलं नाही ते मी अजून शोधतोय.

माझ्या चौकाचं विचाराल तर फारसं काही झालं नाही. पावसाने सारवण धुऊन नेलं, चिखलातून मुलं सरळ पळायला लागली, आणि दिवाळीनंतर बायकांनी पुन्हा सारवलं तेव्हा काही जण वळशाने गेले, काही जण चपला हातात घेऊन मधून.

आईने दाराशी ठेवलेल्या पोत्यातली भांडी कधी काढून परत मांडली, ते मला कळलंच नाही. दिवाळीच्या आधी, पाऊस सरता सरता एका शनिवारी मी आलो तेव्हा ती आणि मावशी गिरणीच्या दारात उभ्या राहून वर पत्र्याकडे बघत होत्या. वळचणीतून पाणी थेट पायरीवर पडायचं, बायकांचे डबे भिजायचे.

"पडवी काढायला लागंल हितं," आई म्हणाली. "चार-पाच माणसं बसतील एवढी."

"कौलं कुठून आणायची?" मी विचारलं.

तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"वरच्या घराची उतरव. दोन माणसं बघ, उन्हं पडली की जा. फोडू नका म्हणावं, सगळीच्या सगळी खाली आणा."